जिन्याखालच्या कपाटाचे दार

अजिंठ्याची लेणी ज्या तालुक्यात आहेत, त्या सोयगावी जुन्या घरातील जिन्याखालच्या पोकळीस दार लावावयाचे ठरले, की सुतार प्रथम करवत काढतो; गृहस्थाने प्रथम त्याचा हात धरावा. ज्या तिरप्या तुळयांवर पायऱ्या टेकतात, त्यांस खाच पाडणे म्हणजे जिनाच दुबळा करणे होय. चौकट स्वतंत्र उभारून भिंतीस व जमिनीस जखडावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, यास्तव दाराभोवती थोडी फट राखावी. बाहेरून पडणारी कडी मात्र नको. लपंडावात आत अडकलेल्या पोराच्या हाका माजघरात ऐकू येतीलच असे नाही. आतून ढकलताच सुटेल असा लोहचुंबकाचा चाप बसवावा. सुतार वाद घालील, घालू द्यावा. वर-खाली झरोके ठेवावेत. रॉकेलचा डबा तेथे कदापि नसावा. माडीवरून उतरावयास बहुधा तोच एक जिना असतो.