साप घरांत कां येतो?

रायगड जिल्ह्यांतील तळा हें गांव डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. माथ्यावर तळगड, पायथ्याशीं भाताचीं खाचरें, आणि खाडीकडे उतरत गेलें म्हणजे कुड्याचीं प्राचीन बौद्ध लेणीं. १९९९ सालीं हा स्वतंत्र तालुका झाला. पावसाळ्यांत येथें शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तालुक्याच्या वाड्यावाड्यांतून जीं जुनीं कौलारू घरें उभीं आहेत, त्यांपैकीं अनेकांतील कर्तीं माणसें पोटापाण्यासाठीं मुंबईस असतात. मागें एखादें वृद्ध जोडपें राहतें; नाहीं तर दाराला कुलूप. भाद्रपदांत गणपति येतात आणि तेंच घर पंधरा-वीस माणसांनीं भरून जातें. आरत्या होतात, जागरणें होतात, आणि मध्यरात्रीनंतर ओटीवर, पडवींत, माजघरांत सतरंज्या पसरून मुलेंबाळें निजतात. वर्षांतील सर्वांत आनंदाचे हे दिवस. आणि सर्पदंशाच्या दृष्टीनें पाहिलें तर सर्वांत जपण्याचेहि हेच.

श्रोतेहो, ही भीति पोकळ नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत मांडलेला आहे. त्यांतील बहुतेक मृत्यु खेड्यांतले, आणि जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. तेव्हां ज्याचें घर कोंकणांत आहे, त्यानें साप घरांत कां येतो एवढें तरी समजून घेतलें पाहिजे.

साप माणसाच्या शोधांत येत नाहीं. वैर धरून तर मुळींच येत नाहीं. त्याला हवें असतें भक्ष्य, आडोसा आणि कोरडी जागा. मुसळधार पावसानें शेतांतलीं बिळें पाण्यानें भरतात, तेव्हां उंदीर उंच आणि कोरडी जागा शोधीत घराकडे वळतात. भाताची कणगी, पेंढ्याची उडवी, जोत्याच्या चिऱ्यांमधील फटी, माळ्यावरचें अडगळीचें सामान, हें सारें त्यांच्या सोयीचें असतें. उंदरांच्या मागोमाग साप येतो. बंद घरांत तर मांजराचा वावर नाहीं, माणसाची चाहूल नाहीं, केरसुणी फिरत नाहीं. असें घर सापाला रानापेक्षां निराळें वाटावें तरी कां? सापाला आमंत्रण उंदीर देतात, आणि उंदरांना आमंत्रण घरचीं माणसेंच देतात.

पूर्वीचा सोपा उपाय म्हणजे दिसेल तो साप मारणें. या उपायाची परीक्षा कोंकणांतच एकदां मोठ्या प्रमाणावर होऊन गेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत फुरशांचा उपद्रव फार, म्हणून इंग्रज सरकारनें मारलेल्या फुरशामागें बक्षीस लावलें. १८६२ च्या डिसेंबरांत बक्षिसाची रक्कम दोन आणे होतांच आठ-दहा दिवसांतच लाखावर फुरशीं मारून आणण्यांत आलीं. पुढें बक्षीस बंद झालें. फुरसें मात्र रत्नागिरींत आजहि आहे. जोंपर्यंत भक्ष्य आणि आसरा शिल्लक आहे, तोंपर्यंत एक साप गेला तर त्याची जागा दुसरा घेतो. शिवाय लाठीखालीं सांपडते ती बहुधा बिचारी धामण. ती बिनविषारी, आणि उंदरांची कट्टर वैरीण. धामण मारणारा मनुष्य आपल्याच परड्यांतले उंदीर वाढवितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सापांना संरक्षण दिलें आहे, तें या कारणानेंहि योग्यच म्हटलें पाहिजे.

दुसरा उपाय उग्र वासांचा. कोणी घराभोंवतीं गंधक टाकतो, कोणी कार्बॉलिक शिंपडतो, कोणी रॉकेलचें पोतेरें फिरवितो, कोणी लसणीचें पाणी. यांतल्या कशानेंहि साप खात्रीनें अडतो असा पुरावा नाहीं. आणि कोंकणच्या पहिल्या सरींत तो वास तर वाहून जातोच. कार्बॉलिकसारखें द्रव्य रांगत्या मुलाला आणि गोठ्यांतल्या वांसराला मात्र निश्चित अपाय करतें. अंगणांत सर्पगंधेचें रोप लावण्याचीहि चाल आहे. त्या वनस्पतीची थोरवी निराळ्या क्षेत्रांत सिद्ध झाली: तिच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं जगापुढें मांडला. सापाला मात्र तिच्याजवळून जाण्यांत कसलीच अडचण वाटत नाहीं.

मग करावें काय? उत्तर साधें आहे, पण त्याला अंगमेहनत लागते. पावसापूर्वीं घराभोंवतालचें गवत कापून चारी बाजूंना दोन-तीन हात जमीन स्वच्छ मोकळी ठेवावी. लांकडें, गोवऱ्या, जुनीं कौलें आणि पेंढा घराच्या भिंतीला टेकून रचूं नये. तीं दूर, आणि शक्य तर जमिनीपासून हातभर उंच मांडावींत. लांकूड काढतांना हात घालण्याआधीं काठीनें तें हलवावें. छपराला लागलेल्या फांद्या तोडाव्या. जोत्यांतलीं भोंकें चुन्यानें वा सिमेंटानें बुजवावीं, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, आणि दाराखालची फट फळीच्या पट्टीनें बंद करावी. धान्य पत्र्याच्या कोठींत ठेवावें. कोंबड्यांचें खुराडें घराला चिकटून नसावें, कारण अंडीं आणि पिल्लें यांच्यावरहि सापाचा डोळा असतो. खरकटें अंगणांत टाकण्याची संवय सोडली तर निम्मे उंदीर आपोआप दुसरीकडे जातील.

मुंबईहून येणाऱ्या मंडळींनीं गणपतीच्या आदल्या दिवशीं येऊन कुलूप काढण्याऐवजीं, एखाद्यानें तरी आठवडाभर आधीं यावें. दारेंखिडक्या उघडून दिवसाउजेडीं माळा झाडावा, गुंडाळलेल्या सतरंज्या व गाद्या अंगणांत नेऊन काठीनें उलगडाव्या. साप दिसलाच तर त्याच्यावर धांवून न जातां दूर उभें राहून नजर ठेवावी आणि वनखात्याला वा जाणत्या सर्पमित्राला बोलवावें. बहुतेक दंश साप मारण्याच्या किंवा पकडण्याच्या हौसेंतून नव्हे, तर अंधारांत पाऊल वा हात पडल्यानें होतात, हें खरें. पण ती हौसहि कांहीं थोड्या जणांना भोंवलेली नाहीं.

इतकें करूनहि एक साप राहतोच, आणि त्याच्यासाठीं वेगळी दक्षता हवी. नाग फणा काढतो, घोणस मोठ्यानें फूत्कारते, फुरसें अंगावरचे खवले घासून करकर आवाज करतें. मण्यार मात्र कांहींच सांगत नाहीं. काळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्रीं हिंडतो आणि उंदीर, पाली, दुसरे साप यांच्या मागें घरांत शिरतो. जमिनीवर निजलेल्या माणसाचा त्याच्यावर हात पडला कीं तो चावतो. आणि त्याच्या चाव्याची वेदना इतकी थोडी, कीं पुष्कळदां झोंपहि मोडत नाहीं. पहांटे पोट दुखूं लागतें, पापण्या जड होतात, गिळतां येईनासें होतें, आणि घरच्यांना वाटतें कीं प्रसादाचें जेवण बाधलें. बिनविषारी कवड्या साप दिसायला पुष्कळसा असाच. पण त्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे नेमके उलट. अर्थात् कंदिलाच्या उजेडांत ही पारख करीत बसूं नये.

या मूक सापावर उपाय दोन: खाट आणि मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा गादीखालीं नीट खोंचलेल्या असल्या तर जमिनीवर निजणारासहि पुष्कळ संरक्षण मिळतें. नेपाळच्या तराईंत झालेल्या आणि २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत मच्छरदाणींत निजणारांना सर्पदंश कमी होतो असें आढळून आलें. ज्या घरांत गणपतीच्या मखरासाठीं हौसेनें खर्च होतो, तेथें पांच-सहा मच्छरदाण्यांचा खर्च जड वाटूं नये. रात्रीं परसांत जाणाराच्या हातीं विजेरी असावी, पायांत जोडा असावा.

आणि दंश झालाच तर? प्रथम धीर द्यावा. कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाचा प्रत्येक चावाहि विष भरीत नाहीं. हातांतली अंगठी, कांकणें काढावीं. चावलेला अवयव फळी बांधून निश्चळ ठेवावा. जखम कापूं नये, चोखूं नये, करकचून दोरी आवळूं नये. आणि मांत्रिकाकडे तर क्षणभरहि वेळ दवडूं नये. सर्पदंशावर खरें औषध एकच, प्रतिविष. परळच्या हाफकिन संस्थेंत घोड्यांच्या रक्तापासून तें अनेक वर्षें तयार होत आलें. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांवरहि एकच औषध चालतें, म्हणून साप मारून दवाखान्यांत नेण्याची गरज नसते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनानें जवळचें सरकारी रुग्णालय गांठावें.

वेळेवर उपचार झाले तर काय होऊं शकतें, याचें उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं खेड्यांतल्या रुग्णांच्या उशाशीं बसून विंचूदंशाचा अभ्यास केला, आणि प्राझोसिन या औषधाचा त्यावरील उपयोग १९८६ सालीं 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांतून जगाला सांगितला. सर्पदंशाच्या रुग्णांविषयींहि त्यांनीं लिहिलें आहे. लाल विंचवाच्या दंशानें कोंकणांत पूर्वीं पुष्कळ मुलें जात. तीं आतां वाचूं लागलीं, तीं विंचू नाहींसे झाले म्हणून नव्हे.

सापहि कोंकणांतून नाहींसे होणार नाहींत, आणि भातशेतीच्या दृष्टीनें तें इष्टहि नाहीं. घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं मात्र यंदाच्या गणपतीच्या सामानाची यादी करतांना कापूर आणि वाती यांच्या खालीं विजेरी आणि मच्छरदाणी हे दोन शब्द लिहावे, आणि तालुक्याच्या रुग्णालयाचा दूरध्वनि क्रमांक दाराआड खडूनें लिहून ठेवावा.