परमुलखातील भगिनी आणि आपले कर्तव्य



आज आम्ही आपल्यापुढे परमुलखातून कामासाठी आलेल्या भगिनींचा प्रश्न मांडत आहोत. विदर्भातल्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर छत्तीसगड, मध्य प्रदेशातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. त्यांच्यासोबत त्यांची बोली येते, सणवार येतात आणि मनातली भीतीही येते. छत्तीसगडात चेटकीण ठरविलेल्या बाईला 'टोनही' म्हणतात. पोर तापाने फणफणले, कुणाला साप चावला, की बैगा म्हणजे तिकडला मांत्रिक बोट दाखवितो. ते बोट बहुधा विधवेकडे नाहीतर एकट्या बाईकडे जाते. मग शिव्या, मारहाण, हाकलून देणे. तिकडे निदान माहेर तरी जवळ असते. इथे तिनं जावं कुठं?

आणि आपल्या मुलखात तरी काय वेगळं आहे? करणी, मूठ, भानामती हे शब्द इथलेच. तेव्हा तिच्या लोकांना अडाणी म्हणून हिणविण्याचा अधिकार कुणालाच नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमकी बाई करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्किल करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, शिवाय दंड. छत्तीसगडने तर २००५ सालीच टोनही प्रताडना निवारण कायदा केला. म्हणजे 'ही आमची रीत आहे' ही सबब तिकडेही चालत नाही, इकडेही नाही.

पण हा कायदा तिच्या झोपडीपर्यंत नेणार कोण? आमचे म्हणणे असे, की पिपरी मेघेतल्या आठ-दहा बायांनी आणि तरुणांनी यासाठी शिकून तयार व्हावे. शिकविणारी त्यांच्यातलीच एखादी जाणती बाई असावी. तिची बोली ऐकावी, त्यांचा हरेलीचा सण समजून घ्यावा. ठेकेदारासमोर काही विचारू नये, तिथे ती बोलणार नाही. पोर आजारी असेल तर वाद घालत बसू नये. सेवाग्राम नाहीतर सावंगीच्या दवाखान्यात सोबत जावे. पोर बरे झाले की बैग्याचा धाक आपोआप कमी होतो. मारहाण होत असेल तर ११२ वर फोन करावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिची मिळकत कितीही असो.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. त्या मोजमापात भट्टीवरची ही बाईसुद्धा धरा, एवढीच आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!