फलकाची किल्ली कोणाकडे?



आपल्याकडे चार माणसे एकत्र आली की संस्था निघते, असे गमतीने म्हटले जाते. वाचनालय, व्यायामशाळा, पतपेढी, साहित्य मंडळ, शिक्षण संस्था. संस्था निघाली की तिला पाटी लागते, शिक्का लागतो आणि आता वेबसाइटही लागते. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघतो. कोणाचा तरी भाचा संगणकातला असतो. तो म्हणतो, ‘मी करून देतो.’ सगळ्यांना हायसे वाटते, चहा येतो, ठराव मंजूर होतो. पण वेबसाइट करायची ती कशात, हे कोणी विचारतच नाही. आज मला त्या प्रश्नाविषयीच बोलायचे आहे.

कविता लिहिणाऱ्याने या भानगडीत कशाला पडावे, असे तुम्हाला वाटेल. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, संगणकाचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. पण दोन-तीन संस्थांच्या कामात असल्यामुळे हा विषय पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न यंत्राचा कमी आणि शब्दांचा जास्त आहे. संस्थेचे शब्द कुठे ठेवायचे, कोणाच्या हाती ठेवायचे आणि उद्या वेळ आली तर ते तिथून सुखरूप बाहेर काढता येतील का, एवढाच तो प्रश्न आहे.

गेल्या शतकाच्या अखेरीस वेबसाइटचे एकेक पान हाताने बांधावे लागे. संस्थेचे सचिव बदलले तरी ते नाव बदलायला पान बांधणाऱ्या माणसाला बोलवावे लागे. मग मजकूर व्यवस्थापन प्रणाली आल्या. इंग्रजीत त्यांना कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम किंवा थोडक्यात सीएमएस म्हणतात. वाचनालयाच्या दारातला काचेचा सूचना फलक आठवा. पेटी, काच आणि कुलूप एकदाच करून घ्यायचे. आतला कागद मात्र ग्रंथपालाने किल्ली फिरवून हवा तेव्हा बदलायचा. त्यासाठी दर वेळी सुताराला बोलवावे लागत नाही. सीएमएस म्हणजे असाच फलक. मजकूर एका कोठारात राहतो, त्याचे रंगरूप वेगळे राहते आणि लिहिणाऱ्याला यंत्राची भाषा यावी लागत नाही.

या प्रणालींमध्ये तीन नावे कायम ऐकू येतात. बेल्जियममधल्या ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने २००१ साली ड्रुपल आणले. मे २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी वर्डप्रेस सुरू केले. २००५ साली मॅम्बो नावाच्या प्रणालीतून फुटून निघालेल्या मंडळींनी जुमला काढले. या शेवटच्या नावाशी माझी विशेष मैत्री आहे. ते घेतले स्वाहिली भाषेतून. तिथे त्याचा अर्थ ‘सगळे मिळून’. स्वाहिलीत ते आले अरबीतून. तोच अरबी शब्द आपल्या जुन्या हिशेबांत ‘एकूण’ या अर्थाने बसला आणि उर्दूत ‘वाक्य’ झाला. अलीकडे निवडणुकांनी त्याला आणखी एक अर्थ चिकटवला आहे, तो आपण सोडून देऊ.

या तिन्ही प्रणालींना किंमत पडत नाही. पण त्यांना नुसते फुकट म्हणणे बरोबर नाही, त्या मोकळ्या आहेत. कोणीही त्या घ्याव्यात, उघडून पाहाव्यात, बदलाव्यात, पुढे द्याव्यात, अशी मुभा त्यांच्या परवान्यातच आहे. खर्च येतो तो वेबसाइटच्या नावाला, ती जिथे ठेवायची त्या जागेला आणि देखभाल करणाऱ्या माणसाला. कार्यकारिणी पहिले दोन खर्च मंजूर करते. तिसरा विसरते.

मोकळेपणाला इतके महत्त्व का, हे एका अनुभवावरून सांगतो. माझ्या ओळखीच्या एका साहित्य मंडळाने २००४ साली वेबसाइट करून घेतली. करणाऱ्या व्यावसायिकाने स्वतः तयार केलेली प्रणाली वापरली. दिसायला छान होती. दहा-अकरा वर्षे मंडळाने तिच्यात कविसंमेलनांचे वृत्तांत, कविता, श्रद्धांजलीचे लेख भरले. मग त्या व्यावसायिकाने धंदा बंद केला. वेबसाइटचे नावही त्याच्याच नावावर नोंदवलेले होते. मंडळाकडे ना पासवर्ड, ना मजकुराची प्रत. इंटरनेट अर्काइव्ह नावाची एक संस्था जगभरच्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवते. तिथे मंडळाची काही पाने सापडली. पण तो मजकूर जुन्या फॉन्टमधला होता. फॉन्ट नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसे. दोन मुलींनी तो रूपांतर करून ओळ न् ओळ तपासली, कारण जोडाक्षरे तुटली होती. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर त्या मंडळात फार चांगल्या कविता म्हणत. ते वारले. त्यांची वही घरच्यांना सापडत नाही. वेबसाइटवरच्या त्यांच्या कवितांपैकी दोन मिळाल्या. बाकीच्या गेल्या.

हे फक्त गावातल्या लहान व्यावसायिकांच्या बाबतीत घडते असे नाही. जिओसिटीज नावाच्या सेवेवर एके काळी जगभरच्या हौशी लोकांनी आणि संस्थांनी पाने थाटली होती. याहूसारख्या बलाढ्य कंपनीची ती सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. दुसऱ्याच्या जागेत राहायला हरकत नाही, पण सामान कधीही हलवता आले पाहिजे. म्हणून कोणतीही प्रणाली घेताना पहिला प्रश्न विचारावा, ‘यातून बाहेर कसे पडायचे?’ सगळा मजकूर, तारखा आणि चित्रे यांसह एका फायलीत काढून मिळतो का? उत्तर देणारा चाचरला, तर तिथेच थांबावे.

कोणतीच प्रणाली जन्मभराची नसते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाउसचे उदाहरण घ्या. त्यांची वेबसाइट ऑक्टोबर २००९ मध्ये ड्रुपलवर गेली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. डिसेंबर २०१७ मध्ये तीच वेबसाइट वर्डप्रेसवर आली. पैशाला आणि माणसांना तोटा नसलेल्या कार्यालयालाही आठ वर्षांत घर बदलावे लागले. मग आपण कशाला ‘एकदाच काय ते करून टाकू’ म्हणायचे?

दुसरी परीक्षा मराठीची. युनिकोड आल्यापासून फॉन्टचा जुना छळ संपला आहे. तरीही प्रणाली घेण्यापूर्वी तिच्यात दोन शब्द लिहून पाहा, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. हे दोन्ही शब्द पडद्यावर नीट वेगळे दिसतात का, आणि शोधल्यावर वेगळे सापडतात का, ते बघा. बटणांवरच्या सूचना मराठीत मिळतात का, तेही बघा. वर्डप्रेसमध्ये त्या मिळतात. मात्र तिथे एक खोच आहे. मराठी मथळ्यावरून ते पानाचा पत्ता आपोआप तयार करते. त्या पत्त्यात देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रासुद्धा, ९ चिन्हांचे होते आणि जागा असते २०० चिन्हांची. म्हणजे २२ अक्षरे आणि मात्रा झाल्या की पत्ता तुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ आलेली तुम्ही पाहिली असेल, ती हीच. उपाय सोपा आहे. पत्ता हाताने, छोटासा लिहावा.

आपल्याकडच्या अनेक वाचनालयांत मराठीच्या शेजारी उर्दूचे कपाट असते. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. ती पाने हवी असतील, तर प्रणाली दोन्ही दिशांनी चालणारी हवी. ड्रुपलमध्ये २०१५ च्या आवृत्तीपासून अनेक भाषांची सोय मुळातच पक्की आहे, जुमलामध्येही ती आहे. वर्डप्रेसमध्ये एकाच वेबसाइटवर अनेक भाषा चालवायच्या तर वेगळी जोडणी बसवावी लागते. तिला प्लगिन म्हणतात.

तिसरी परीक्षा कुलपाची. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधला एक गंभीर दोष जाहीर झाला आणि त्याच दिवशी दुरुस्तीही दिली गेली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितले की, जाहीर झाल्यापासून ७ तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपल्या वेबसाइटमध्ये चोर शिरला आहे असेच समजावे. ७ तास! आमच्या संस्थांत पत्राला उत्तर जायला सात दिवस लागतात. याचा अर्थ ड्रुपल वाईट असा नाही. उलट दोष उघडपणे सांगणारे लोक विश्वासाचे. पण आपल्याकडे ७ तासांत धावणारा माणूस आहे का, हे आधी पाहावे. वर्डप्रेस ऑक्टोबर २०१३ पासून लहान सुरक्षा दुरुस्त्या स्वतःच बसवून घेते. लहान संस्थेला हा मोठा आधार आहे. मात्र प्लगिनांचा बाजार भरवू नये. जितकी दारे जास्त, तितकी कुलपे जास्त.

आवृत्त्यांचेही आयुष्य असते. ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार थांबला. चौदा वर्षे म्हणजे कमी नव्हेत. पण तिच्यावरून पुढच्या आवृत्तीत जाणे म्हणजे नुसती डागडुजी नव्हती, जवळजवळ घर नव्याने बांधणेच होते. माणसांचे वादही असतात. २०२४ साली वर्डप्रेसचे मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यातले भांडण न्यायालयात गेले. मोकळी वस्तूसुद्धा माणसेच चालवतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ज्या संस्थेच्या पाच-दहा शाखा आहेत, तिने प्रत्येक शाखेला वेगळी प्रणाली घेऊ देऊ नये. एका शाखेतला माणूस रजेवर गेला, तर दुसऱ्या शाखेतल्याला काम सांभाळता आले पाहिजे. देशातल्या जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे आता बहुतांशी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच चौकटीत बसवलेली आहेत, त्यामागे हाच विचार आहे. वर्डप्रेस आणि ड्रुपल या दोहोंत एकाच पायावर अनेक वेबसाइट उभ्या करता येतात. तोटा एवढाच की पायाला तडा गेला तर तो सगळ्यांना जातो. म्हणून त्या एका पायाची राखण नीट हवी.

आणि शेवटची, माझ्या मते सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे लिहिणारा माणूस. बैठकीत प्रणालीचे प्रात्यक्षिक तज्ज्ञ दाखवतो आणि अध्यक्ष पाहतात. दोघांनाही उद्या ती वापरायची नसते. वापरायची असते ग्रंथपालबाईंना, कार्यालयातल्या लिपिकाला. त्यांना समोर बसवा. ‘रविवारी व्याख्यान आहे’ अशी सूचना, सोबत वक्त्यांचे छायाचित्र, एवढे टाकायला सांगा. अर्ध्या तासात कोणाच्याही मदतीशिवाय जमले, तर प्रणाली पास. नाही जमले, तर वेबसाइट दोन वर्षांनीही उद्घाटनाच्याच फोटोवर थांबलेली दिसेल. आणखी एक पाहावे. वर्डप्रेसमध्ये एक लेखक असा ठेवता येतो की तो लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. प्रसिद्ध करतो तो संपादक. संस्थेची जुनी शिस्त तिथे जशीच्या तशी बसवता येते.

मग निवड काय करावी? माझे मत विचाराल तर लहान वाचनालयाने किंवा मंडळाने वर्डप्रेस घ्यावे आणि ते साधे ठेवावे. अनेक भाषा, अनेक विभाग आणि पगारी तंत्रज्ञ असलेल्या मोठ्या संस्थेने ड्रुपलचा विचार करावा. एकाहून अधिक भाषा हव्यात आणि जुमला जाणणारा माणूस जवळ आहे, तर तेही उत्तम. हाताशी असलेला जाणकार माणूस हा प्रणालीच्या गुणांइतकाच मोठा गुण आहे.

मात्र प्रणाली कोणतीही घेतली, तरी चार गोष्टी ठरावात लिहून घ्या. वेबसाइटचे नाव संस्थेच्याच नावावर नोंदवलेले असावे आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात असावी. पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा आणि पदाधिकारी बदलले की तोही बदलावा. दर महिन्याला सगळ्या मजकुराची प्रत काढून संस्थेच्या कपाटात ठेवावी. आणि वर्षातून एकदा ती प्रत उघडून पाहावी, कारण न उघडलेली प्रत चांगली आहे की नाही, हे कोणालाच माहीत नसते.

वार्षिक सभेत आपण जमाखर्च वाचतो, दप्तर तपासतो. वेबसाइट हेही आता दप्तरच आहे. तिथे तुमच्या गावातल्या कोणाच्या तरी कविता आहेत, आणि त्यांची वही कदाचित घरीही नसेल. पुढच्या बैठकीत हा विषय निघाला, की चहा येण्यापूर्वी एकदा विचारा, ‘किल्ली कोणाकडे आहे?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)