सामना पुढे ढकलता आला असता

23 जानेवारी 2022, रविवारची संध्याकाळ. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या फुटबॉल आशिया चषकात भारताची गाठ चायनीज तैपेईशी पडायची होती. यजमान आपण, मैदान आपलं, आणि उतरवायला पुरेशा मुलीच नाहीत. 23 जणींच्या संघातल्या डझनभर जणींचे कोरोना अहवाल पॉझिटिव्ह आले होते. काही आधीच जायबंदी होत्या. नियम सांगत होता, किमान 13 खेळाडू हवेत. तेवढ्या भरल्या नाहीत, तेव्हा भारतानं स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं. तीन दिवसांपूर्वी इराणशी झालेली गोलशून्य बरोबरीही रद्दबातल झाली.

माघार? कुणी घेतली होती माघार? मुली हॉटेलच्या खोल्यांत दार लावून विलगीकरणात बसल्या होत्या. आजारी पडणं आणि मैदान सोडणं या दोन गोष्टी नियमानं एकाच रकान्यात टाकल्या.

साथीत माणसांची ने-आण झाली की काय होतं, हे हिंगोलीला कुणी सांगायला नको. 2020च्या एप्रिलमध्ये इथल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक 12चे जवान मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतले, आणि त्यांच्यातले कितीतरी जण बाधित निघाले. ते गेले, कारण जाणं भाग होतं. बंदोबस्त उद्यावर टाकता येत नाही. औंढ्याच्या नागनाथ मंदिराचं दार मात्र बंद ठेवता आलं. त्या वर्षी आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. शतकांची पायी वारी थांबू शकते, तर फुटबॉलचा सामना का नाही?

थांबलेलाही आहे. इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे दक्षिण अमेरिकेची 1918ची स्पर्धा पुढे गेली आणि 1919च्या मे महिन्यात रिओत झाली. 2020चा युरो चषक अख्खं वर्ष लांबला. उलट 19 फेब्रुवारी 2020 रोजी बर्गामोचे हजारो लोक आपल्या अटालांटा संघाचा व्हॅलेन्सियाशी सामना पाहायला मिलानला गेले. पुढच्या काही आठवड्यांत त्याच बर्गामोतून लष्कराच्या ट्रकमधून शवपेट्या बाहेर नेण्याची वेळ आली. साथ एकट्या त्या सामन्यानं पसरली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण बर्गामोच्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी त्या सामन्याला जैविक बॉम्ब म्हटलं होतं.

मग सगळंच बंद ठेवावं का? तसंही नाही. गोव्यात इंडियन सुपर लीगचा 2020-21चा अख्खा हंगाम प्रेक्षकांविना तीन मैदानांवर पार पडला. पण तो देशांतर्गत मामला. एप्रिल 2021मध्ये दुसरी लाट चढत असताना फातोर्ड्यात आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी इराण, कतार आणि अमिरातीचे क्लब उतरले. मे महिन्यात त्याच गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या ऑक्सिजनमुळे रुग्ण दगावत असल्याची दखल उच्च न्यायालयाला घ्यावी लागली.  फुटबॉलनं लाट आणली असा आरोप इथे नाही. पण रुग्णालय कण्हत असताना शेजारी पाहुण्यांसाठी चाचण्या, हॉटेलं आणि माणसं राखून ठेवायची की नाहीत, हे कुणीतरी उघडपणे विचारायला हवं होतं.

आशिया चषक भरवणं मुळातच चूक होतं, असंही म्हणता येत नाही. प्रवास कमी व्हावा म्हणून भुवनेश्वर आणि अहमदाबाद वगळून मुंबई, नवी मुंबई, पुणे ही जवळजवळची ठिकाणं निवडली, हे शहाणपणच होतं. याच स्पर्धेतून फिलिपिन्स आणि व्हिएतनामच्या महिला पहिल्यांदा विश्वचषकाला गेल्या. महिलांच्या वाट्याला असे सामने मुळात थोडे येतात. ते सरसकट रद्द करणं म्हणजे एका पिढीची दोन-तीन वर्षं खाऊन टाकणं.

चूक होती ती वेळापत्रकात. मुंबईत दिवसाला 20 हजारांवर रुग्ण सापडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. संघ आजारी पडणार, हे गृहीतच धरायला हवं होतं. आणि ज्या विश्वचषकाची ही पात्रता स्पर्धा, तो सुरू व्हायचा होता 20 जुलै 2023ला. दीड वर्ष हाताशी होतं. तरी त्या मुलींसाठी आठवडाभराची सवड निघाली नाही. साथीत आंतरराष्ट्रीय सामने जरूर व्हावेत, पण राखीव दिवस ठेवूनच. ज्या स्पर्धेला सामना पुढे ढकलणं परवडत नाही, ती साथीत भरवूच नये.

चषक 6 फेब्रुवारीला चीननं नेला. भारताच्या मुली आशिया चषकासाठी पुन्हा पात्र ठरल्या त्या 5 जुलै 2025ला, चियांग माईत थायलंडला 2-1 हरवून. मधे साडेतीन वर्षं गेली.