एकाच दिवशी दोन मशीन: नांदेडच्या १,४५७ मतांची गोष्ट

आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत, पण घाबरू नका. सगळी शाळेतली बेरीज-वजाबाकी आहे. मी बीटेक असलो तरी आज तेवढंच वापरणार आहे.

विषय आहे नांदेड. २० नोव्हेंबर २०२४. त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. नांदेडमध्ये मात्र त्याच दिवशी लोकसभेची पोटनिवडणूकही होती. जूनमध्ये काँग्रेसचे वसंतराव चव्हाण खासदार झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं, म्हणून ही पोटनिवडणूक. काँग्रेसने त्यांच्या मुलाला, रवींद्र चव्हाणांना उभं केलं. (डोंबिवलीचे भाजपचे रवींद्र चव्हाण वेगळे. सर्च करताना मी स्वतः दोनदा चुकीच्या पानावर गेलो, तुम्ही जाऊ नका.) समोर भाजपचे डॉ. संतुक हंबर्डे.

निकाल काय लागला? लोकसभेच्या या मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड. सहाच्या सहा जागा महायुतीने जिंकल्या. आणि लोकसभा? ती काँग्रेसने जिंकली, १,४५७ मतांनी.

तीच गावं, त्याच शाळांच्या खोल्या, बोटाला शाई एकदाच. लोकसभेच्या मशीनवरचा कागद पांढरा, विधानसभेच्या मशीनवरचा गुलाबी. माणूस आत गेला, एकीकडे एक बटण दाबलं, दुसरीकडे दुसरं, आणि घरी आला.

त्या आठवड्यात माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येत होते. एक गट म्हणे, बघा, मशीनमध्ये गडबड आहे, नाहीतर असा निकाल लागेलच कसा? दुसरा म्हणे, बघा, गडबड असती तर लोकसभाही गेली असती ना, म्हणजे मशीन शुद्ध. एकाच आकड्यावरून दोन्ही सिद्ध! आणि दोघांनी गृहीत काय धरलं होतं, तर नांदेडच्या लोकांनी आमदारकीला महायुती आणि खासदारकीला पंजा असं ठरवून दाबलं. मला हे गृहीतकच तपासायचं होतं.

तर वही काढा. नाहीतर फोनमधला कॅल्क्युलेटर.

महायुतीच्या सहा विजयी उमेदवारांची मतं: भोकरला श्रीजया चव्हाण १,३३,१८७. नांदेड उत्तरला बालाजी कल्याणकर ८३,१८४. नांदेड दक्षिणला आनंद तिडके ६०,४४५. नायगावला राजेश पवार १,२९,१९२. देगलूरला जितेश अंतापूरकर १,०७,८४१. मुखेडला तुषार राठोड ९८,२१३. बेरीज ६,१२,०६२. आणि लोकसभेच्या मशीनवर भाजपच्या हंबर्डेंना मिळाली ५,८५,३३१. म्हणजे गुलाबी कागदावरून पांढऱ्या कागदावर येताना महायुतीची २६,७३१ मतं कमी झाली.

आता काँग्रेस. सहाही ठिकाणी काँग्रेसचेच उमेदवार होते, म्हणून तुलना सोपी आहे. त्यांची सहा जणांची बेरीज ४,२७,४६५. लोकसभेला रवींद्र चव्हाणांना ५,८६,७८८. वाढ १,५९,३२३.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. महायुती २७ हजारांनी खाली, काँग्रेस जवळपास १ लाख ६० हजारांनी वर. मग उरलेली मतं आली कुठून? मतदार तर तेवढेच. एखाद-दुसरं टपाली मत इकडेतिकडे सोडून द्या, पण ढोबळमानाने १ लाख ३२ हजार मतं ही महायुतीचीही नव्हती आणि काँग्रेसचीही नव्हती. ती अपक्षांची, बंडखोरांची, छोट्या पक्षांची, आघाडीतल्याच दुसऱ्या पक्षाची होती.

म्हणजे निव्वळ हिशेबात काँग्रेसच्या वाढीतला सहावा हिस्साच महायुतीकडून आला. बाकी पाच हिस्से अशा लोकांचे, ज्यांचा विधानसभेचा उमेदवार लोकसभेच्या मशीनवर नव्हताच!

नांदेड उत्तरचं उदाहरण घ्या. तिथे काँग्रेसचे अब्दुल सत्तार होते आणि महाविकास आघाडीतल्याच ठाकरेंच्या शिवसेनेचाही उमेदवार होता. काँग्रेस हरली ३,५०२ मतांनी, आणि ठाकरे सेनेच्या उमेदवाराने त्याहून कितीतरी जास्त मतं घेतली. लोकसभेला मात्र आघाडीचा उमेदवार एकच. मशाल शोधणाऱ्याला पांढऱ्या कागदावर मशाल दिसलीच नाही. तो पंजाकडे गेला असेल, तर त्याला 'दोन पक्षांना मत दिलं' म्हणायचं का? कागदावर हो. त्याच्या मनात बहुतेक एकच मत होतं.

नांदेड दक्षिणमध्ये तर गर्दीच. जिंकणारे ६०,४४५ वर जिंकले, काँग्रेसचे मोहन हंबर्डे ५८,३१३ वर, फरक २,१३२. बाकीची मतं कितीतरी जणांत वाटली गेली. दोन मशीनवर दोन वेगळे मेन्यू होते, आणि आपण फक्त ऑर्डर बघून लोकांची चव बदलली म्हणतोय.

पण थांबा. इथे माझ्या आतला इंजिनिअर जागा होतो. २६,७३१ हा आकडा निव्वळ आहे. बँक खात्यात महिनाअखेर हजार रुपये कमी दिसले, याचा अर्थ महिनाभरात हजारच खर्च झाले असा नसतो. पगार आला, भाडं गेलं, कुणी उसने परत केले. तसंच इथे. मुखेडमध्ये महायुतीतलाच एक बंडखोर अपक्ष उभा होता आणि त्याने चांगली मतं घेतली. त्याला मत देणारे बरेच जण लोकसभेला भाजपकडे परतले असणार. तशी मतं आत आली असतील, तर बाहेर गेलेली मतं २६,७३१ पेक्षा जास्त असलीच पाहिजेत.

तर खात्रीने काय म्हणता येतं? आमदारकीला महायुतीला मत देणाऱ्यांपैकी निदान २६,७३१ जणांनी लोकसभेला भाजपचं बटण दाबलं नाही. ही खालची मर्यादा, ती पक्की. ते काँग्रेसकडेच गेले का? बेरजेतून ते निघत नाही. नियमाने पाहिलं तर ते सगळे वंचितकडे किंवा नोटाकडेही गेलेले असू शकतात. आणि फरक होता १,४५७ चा. म्हणजे या २६,७३१ मधला अठरावा हिस्सा जरी परत फिरला असता, तरी खासदार बदलला असता.

मुखेडकडच्या माझ्या आत्याला मी फोनवर विचारलं, दोन्हीकडे एकच दाबलंस का गं? आधी म्हणाली, "गुप्त असतंय ते, इचारू नये." मग स्वतःच म्हणाली, "आमदारकीला पंधराशे रुपये देणाऱ्याला दिलं. खासदारकीला गेलेल्या माणसाच्या पोराला दिलं. दोघांचं बी राहिलं." लाडकी बहीण योजनेचे पैसे तिला येत होते. तिच्या डोक्यात हे दोन हिशेब होते, दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं. एका आत्यावरून जिल्हा ठरत नाही, माहितीये मला. पण टीव्हीवरच्या कुठल्याही पॅनलपेक्षा तिने स्वच्छ सांगितलं.

आणि सहानुभूतीची लाट वगैरे म्हणणाऱ्यांना एक आकडा. जूनमध्ये वसंतराव ५९,४४२ मतांनी जिंकले होते. नोव्हेंबरमध्ये काँग्रेसची मतं ५७,८९४ ने वाढली, पण भाजपची १,१५,८७९ ने वाढली, दुप्पट! लाट असेल तर ती दोन्ही बाजूंनी होती.

अमेरिकेत हा प्रश्न थोडा सोपा होतो. तिथे एकाच कागदावर राष्ट्राध्यक्षापासून गावातल्या पदापर्यंत सगळे असतात आणि काही ठिकाणी नाव न देता प्रत्येक मतपत्रिकेची एक ओळ, अशी फाइलच प्रसिद्ध करतात. वर या पक्षाला, खाली त्या पक्षाला, असे नेमके किती, हे मोजता येतं. आपल्याकडे दोन मशीनचा एकमेकींशी काही संबंध नाही. पांढऱ्यावरचं कुठलं मत गुलाबीवरच्या कुठल्या मताचं जोडीदार, हे यंत्रालाही माहीत नसतं. डेटावाला म्हणून मला हळहळ वाटते. मतदार म्हणून मला हेच बरं वाटतं.

कारण आपल्याकडे आकडे जिथे उघडे पडतात ती जागा आहे बूथ. फॉर्म २० नावाचा अंतिम निकालाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते छापलेलं असतं. बऱ्याचदा तिरका स्कॅन केलेला पीडीएफ, त्यातून आकडे काढताना डोळे जातात, पण असतो. एका केंद्रावर काही शे मतं. तांड्याचं, वस्तीचं एकच केंद्र असेल, तर अख्ख्या वस्तीने काय केलं ते कळतं. एकत्र निवडणुकीत तर दोन तक्ते शेजारी ठेवता येतात. 'तुमच्या बूथवर आमदारकीला दोनशेचं लीड आणि खासदारकीला मायनस? कोणी फिरवलं?' हा प्रश्न गावात कोण विचारतं आणि त्याला उत्तर कोण देतं, हे गावाकडच्यांना मी सांगायला नको. रस्ता, पाण्याची टाकी, घरकुलाची यादी, सगळं त्याच माणसाच्या हातून जातं.

याला उपाय आहे, आणि तो जुना आहे. कागदी मतपत्रिका असताना वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायची सोय होती. मशीन आल्यावर ती गेली. मग टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं गेलं, जे १४ मशीनची मतं एकत्र करून फक्त बेरीज दाखवतं. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ते सुचवलं, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात पाठिंबा दिला. अजून वापरात नाही. विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही पोकळ नाही: बूथचे आकडे उघडे असले तर गडबड पकडता येते. मला स्वतःला वाटतं की निकाल मोठ्या गटाने जाहीर करावा आणि बूथचे आकडे न्यायालयाने मागितले तरच काढावेत.

हे आत्ता का बोलतोय? कारण डिसेंबर २०२४ मध्ये 'एक देश, एक निवडणूक'चं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. तसं झालं तर नांदेडसारखी दोन मशीन सगळीकडे येतील. या चर्चेत आयडीएफसी इन्स्टिट्यूटचा २०१५ चा अभ्यास हमखास येतो, की एकत्र निवडणूक असली तर दोन्हीकडे एकच पक्ष निवडला जाण्याची शक्यता ७७ टक्के. तो अभ्यास मतदारसंघाचा आहे, माणसाचा नाही. शिवाय ओडिशा आहेच. २०१९ मध्ये एकाच वेळी मतदान झालं, बिजू जनता दलाने विधानसभेच्या १४६ पैकी ११२ जागा घेतल्या, पण लोकसभेच्या २१ पैकी १२च. भाजपला विधानसभेत २३ आणि लोकसभेला ८.

तुमच्या मतदारसंघाचं बघायचं असेल तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर फॉर्म २० शोधा. २०२४ ची लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी नव्हती, मध्ये सहा महिने गेले, मतदारयादी बदलली, केंद्रंही काही ठिकाणी बदलली. त्यामुळे नांदेडसारखी थेट वजाबाकी करू नका. आधी दोन्हीकडे उमेदवार कोण होते त्याची यादी करा, मग आकडे. आणि बूथचा तक्ता गावाच्या ग्रुपवर टाकू नका, प्लीज.

पुढच्या भागात श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न घेणार आहे, व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. चला, भेटू.