पिशवी काढण्याआधी आणि काढल्यानंतर



अध्यक्षाने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा इतिहास सांगावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. आज मी ती बाजूला ठेवते आणि एका डॉक्टरची गोष्ट सांगते. त्याचं नाव ॲलन हार्ट. १९१७ साली अमेरिकेत ओरेगनच्या वैद्यकीय महाविद्यालयातून तो पदवीधर झाला, तेव्हा कागदोपत्री त्याचं नाव बाईचं होतं. त्याच सुमारास तो गिल्बर्ट नावाच्या डॉक्टरकडे गेला आणि आपलं गर्भाशय काढावं, अशी विनंती त्याने केली. ती मान्य व्हावी म्हणून त्याला काय सांगावं लागलं? आपल्यासारख्या माणसाला मूल होऊ नये, यातच समाजाचं हित आहे! ही मागणी पदरात पाडून घेण्यासाठी त्या हुशार डॉक्टरला स्वतःलाच दूषण द्यावं लागलं, हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. शस्त्रक्रिया झाली. प्रतिजैविकं नव्हती, रक्तपेढ्या नव्हत्या. तरी त्यानंतर हार्ट चव्वेचाळीस वर्षं जगला. क्ष-किरणांनी क्षयरोग लवकर ओळखण्याच्या कामात त्याने उमेदीची वर्षं घातली आणि १९६२ साली तो गेला.

शंभर वर्षं उलटली, तरी आपल्या बैठकांमध्ये अजून विचारलं जातं, ‘ट्रान्स पुरुषाची पिशवी काढणं सुरक्षित आहे का हो?’ प्रश्न रास्त आहे, कारण निरोगी अवयव काढताना सर्जनचा हात थबकायलाच हवा. पण उत्तरही उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १ लाख ६० हजार गर्भाशय-शस्त्रक्रियांपैकी ५२१ ट्रान्स पुरुषांच्या होत्या. त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण ३.४ टक्के निघालं, इतरांमध्ये ३.३ टक्के. हे रुग्ण वयाने लहान होते आणि या नोंदी ३० दिवसांपुरत्याच असतात, हे विसरून चालणार नाही. पण टेबलावर त्यांना जास्त धोका असतो, असं म्हणायला आधार राहिलेला नाही.

मात्र हे शरीर आपल्या सवयीचं नसतं, याची जाण सर्जनला हवी. गर्भाशय बहुधा लहान असतं, दुर्बिणीतून सहज सुटतं. अडचण येते ती खाली. हे रुग्ण घेत असलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे योनीमार्ग कोरडा आणि पातळ होतो, हात लागला तरी रक्त येतं. प्रसूती झालेली नसेल तर जागाही अरुंद असते. म्हणून वरचं टोक शिवताना टाका पुरेसं ऊतक घेऊनच घालावा आणि नंतरच्या रक्तस्रावाविषयी रुग्णाला आधीच सांगावं. टेस्टोस्टेरॉनने हिमोग्लोबिन वाढतं. ते न बघता भूल देऊ नये. आणि पाळी थांबली म्हणजे बीज बनणंही थांबलं, असं गृहीत धरू नये. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे.

माझ्या मते खरा विचार लागतो तो अंडाशयांचा. ‘पिशवी काढतोच आहोत, तर तेही काढू,’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. दोन्ही अंडाशय गेले की हाडांची भिस्त बाहेरून घेतलेल्या संप्रेरकावर येते. आता रुग्णाकडे बघा. तालुक्याच्या गावातला चोवीस वर्षांचा मुलगा. घरच्यांनी हाकललं, नोकरी गेली, इंजेक्शन परवडेनासं झालं. तिशीत त्याची हाडं ठिसूळ होऊ लागली, तर त्याचा जाब कोणी द्यायचा? त्याला अंडाशय नकोच असतील तर काढावेत, तो त्याचा निर्णय आहे. पण एक अंडाशय ठेवता येतो आणि पुढे मूल हवं असेल तर बीजं आधीच साठवण्याचा विचार करावा लागतो, हे सांगायला लागणारी पंधरा मिनिटं आपण द्यायलाच हवीत.

पूर्वी मी जिथे काम करत होते, तिथे असाच एक तरुण आला होता. दाढी राखलेला, अबोल. केसपेपरवरचं जुनं नाव सिस्टरने भर ओपीडीत पुकारलं. सगळ्या बायका वळून बघू लागल्या. तो उठला आणि निघून गेला. मी आत बसले होते, मला ऐकू आलं होतं, तरी मी बाहेर गेले नाही. आठ महिन्यांनी तो परत आला, तेव्हा हिमोग्लोबिन सहावर होतं. उपचाराविना राहिलेला रक्तस्राव. शस्त्रक्रिया सुरळीत झाली, तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. त्याला धोका शस्त्रक्रियेचा नव्हताच. त्या आठ महिन्यांचा होता.

आणि हे सगळं आपल्या महाराष्ट्रात घडतं. बीडमध्ये ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कित्येकींना नीट समजावून सांगितलेलं नव्हतं. तिथे आपल्या व्यवसायातल्या काहींचा हात थबकला नाही. इथे एक सज्ञान ट्रान्स पुरुष वर्षानुवर्षं विचार करून स्वतःच्या पायांनी येतो, तर आपण म्हणतो, ‘वडिलांना घेऊन ये.’ या दोन्ही ठिकाणी रुग्णाला विचारलंच गेलं नाही. ट्रान्स रुग्णांसाठी आरोग्यसेवेची तरतूद करण्याची जबाबदारी ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्याने सरकारवर टाकली आहे. पण तो कायदा ओपीडीच्या खिडकीपर्यंत आपणच न्यायचा आहे.

मागच्या रांगेत बसलेल्या निवासी डॉक्टरांना एवढीच विनंती आहे. नाव विचारा आणि तेच पुकारा. ट्रान्स पुरुषाला बाळंतिणींच्या वॉर्डात झोपवू नका. गर्भाशयमुख ठेवलं असेल तर डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा, कारण तिथल्या कर्करोगाची तपासणी पुढेही लागणार आहे. आणि सोमवारी कामावर गेलात की आपल्या विभागातला संमतीपत्राचा छापील नमुना काढून बघा. सही करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असेल, तर त्याची किंवा तिची एकट्याची सही पुरते. खाली ‘पती अथवा वडील’ अशी ओळ असेल, तर ती काढून टाकायला लावा.