लाजेपायी जीव घालवू नका

(सोलापूर येथे विणकर, विडी कामगार व शेतकरी मंडळींपुढे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही मंडळी माना खाली घालतील, हे आम्ही जाणून आहोत. पुरुषाच्या इंद्रियास ताठरपणा न येणे, किंवा आलेला न टिकणे, हा तो विषय होय. ताप, खोकला, मूळव्याध यांविषयी आपण पारावर बसून मोकळेपणी बोलतो. पण या एका दुखण्याचे नाव निघाले की सगळ्यांच्या तोंडास कुलूप लागते. या मुकेपणाचा फायदा भोंदू घेतात आणि त्याची किंमत गरिबाच्या घरास पैशाने, अब्रूने व कधी कधी जिवानेही मोजावी लागते. म्हणून आम्ही उघड बोलणार आहोत.

आपल्या भाषेत हे धैर्य पूर्वी झालेले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून वाचकांच्या अशा खाजगी प्रश्नांना छापील उत्तरे दिली. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू कोर्टात कोणी मांडली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ज्या प्रश्नासाठी असा माणूस कोर्टात उभा राहिला, तो प्रश्न डॉक्टरापुढे काढण्यास आपण का लाजावे?

आता हे दुखणे काय आहे ते समजून घेऊ. मनात इच्छा उत्पन्न झाली की मेंदूचा निरोप मज्जातंतूंतून खाली जातो, तेथील रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांत रक्त भरते आणि इंद्रिय ताठ होते. उसाच्या फडास पाणी द्यावयाचे तर कालव्यास पाणी हवे, पाट मोकळा हवा आणि दारे धरणारा माणूस जागेवर हवा. यांतील एकात खोट आली तरी सरी कोरडी राहते. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, विडी-तंबाखू यांनी पाट खराब होतो. दारू, कर्जाची चिंता, रात्रपाळीचा शीण व उदासपणा यांनी दारे धरणाराच खचतो. काही वेळा दुसऱ्या रोगावर चालू असलेल्या गोळ्यांचाही हा परिणाम असतो. यात शाप नाही, करणी नाही, आणि तरुणपणी हस्तमैथुन केल्याचे फळही नाही. वीर्याचा थेंब गेला म्हणजे चाळीस थेंब रक्त गेले, हा हिशेब शरीरशास्त्रात कोठेही नाही. तो भीती विकणाऱ्यांचा हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असतात. वाहिन्या आतून अरुंद होऊ लागल्या की पुष्कळदा पहिली खूण येथे दिसते आणि छातीची कळ काही वर्षांनी येते. म्हणून ज्याने हे दुखणे लपविले, त्याने हृदयाचा इशाराही लपविला, असे होण्याचा संभव असतो. डॉक्टर रक्तातील साखर, चरबी व रक्तदाब तपासतात ते याचसाठी.

यावर खरे औषध आहे काय? आहे. सिल्डेनाफिल नावाचे द्रव्य प्रथम छातीच्या कळेवर तपासले जात होते. त्या कामी ते फारसे उपयोगी ठरले नाही, पण इंद्रियास ताठरपणा येतो असे दिसून आले. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने त्यास मान्यता दिली. पुढे त्याच जातीचे टाडालाफिल आले. आज दोन्ही आपल्या देशात तयार होतात. सिल्डेनाफिलचा असर सुमारे चार तास, तर टाडालाफिलचा छत्तीस तासांपर्यंत राहतो. मात्र ही गोळी इच्छा उत्पन्न करीत नाही. पाटाचे दार उघडण्यास मदत करणे, एवढेच तिचे काम. मनात ओढ नसेल तर गोळी घेऊनही काही होत नाही.

पण हीच गोळी काही माणसांस घातक आहे, आणि आजच्या भाषणातील ही मुख्य गोष्ट आहे. हृदयविकाराच्या रोग्यास जिभेखाली ठेवण्याची गोळी देतात; ती व तिच्या जातीची इतर औषधे नायट्रेट वर्गातील असतात. तीही रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही औषधे एकत्र आली तर साऱ्या शरीराची दारे एकदम उघडतात, रक्तदाब कोसळतो आणि माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. ज्यास नायट्रेट चालू आहे त्याने ही गोळी घ्यावयाचीच नाही. गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले, तर दवाखान्यात लाज सोडून प्रथम सांगावे की आम्ही अमुक गोळी अमुक वेळी घेतली आहे. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास व टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट देत नाहीत. रोगी गप्प बसला तर डॉक्टरास हे कळावे कसे?

ज्यास नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू होऊन गेला आहे, ज्याचा रक्तदाब फार कमी आहे, जो लघवीच्या त्रासासाठी प्रोस्टेटची गोळी घेतो, ज्याचे यकृत वा मूत्रपिंड अधू आहे, त्याने हे सारे डॉक्टरास आधी सांगितले पाहिजे. घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून बरोबर न्यावीत, म्हणजे नावे आठवण्याची पंचाईत नको. डॉक्टर सांगेल तेवढाच डोस घ्यावा. एका दिवसात दुसरी गोळी घेऊ नये, वर दारू पिऊ नये. मटणाच्या जड जेवणावर सिल्डेनाफिल घेतले तर ते उशिरा लागू पडते. पहिल्या खेपेस गुण आला नाही म्हणून डोस आपल्या मनाने वाढवू नये, पुन्हा विचारावे. डोके दुखणे, तोंड तापणे, नाक चोंदणे हे त्रास बहुधा आपोआप जातात. पण एकाएकी दिसेनासे वा ऐकू येईनासे झाले, किंवा ताठरपणा चार तासांवर राहिला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

आता बाजारी औषधांविषयी. आठवडे बाजारात, जत्रेत, रस्त्याकडेच्या तंबूत मर्दानगीची चूर्णे विकतात. पोटासाठी पाल ठोकून बसणाऱ्या कोणत्याही जातीस आम्ही दोष देत नाही. मोठमोठ्या जाहिराती देणारे पांढरपेशे त्यांच्याहून अधिक लुटतात. अशा जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्याच आहेत. केवळ झाडपाल्याचे म्हणून विकलेल्या अशा मालात सिल्डेनाफिलच चोरून मिसळलेले असल्याचे अनेक देशांच्या औषध खात्यांस आढळले आहे. म्हणजे नायट्रेट घेणारा म्हातारा निर्धोक पाला समजून विष खातो! कायद्याने ही गोळी नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळावयाची. सुटी गोळी, कागदाच्या पुडीतील गोळी, मित्राने दिलेली गोळी घेऊ नये. दुकानातून पावती घ्यावी.

मातांनो, तुम्हांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. नवऱ्याने पाठ फिरविली की बाईस वाटते, आपल्यात काही उणे आहे, किंवा त्याचे मन बाहेर गुंतले आहे. तो लाजेने बोलत नाही, ती भयाने विचारीत नाही, आणि घर आतून पोखरते. मूल झाले नाही तर वांझपणाचा शिक्का तिच्याच कपाळी! मूल न होणे व ताठरपणा न येणे ही दोन निराळी दुखणी आहेत आणि दोहोंत पुरुषाचीही तपासणी झाली पाहिजे. ती न करता सुनेस नवस-उपास करावयास लावणे, किंवा दुसरे लग्न करण्याची भाषा बोलणे, हा उघड अन्याय आहे.

बंधूंनो, कर्ज काढून चूर्णे खाण्याचे काही कारण नाही. आपल्या सोलापुरात वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेले सरकारी सर्वोपचार रुग्णालय आहे. तेथे जावे, आणि डॉक्टरास एवढेच सांगावे की इंद्रियास ताठरपणा येत नाही, काय करावे. पुढचे प्रश्न तो विचारील. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल तर घरधनिणीस बरोबर न्यावे. सर्वांस गोळीच लागते असेही नाही. कोणाची साखर ताब्यात आली, कोणाची तंबाखू सुटली, कोणाच्या मनावरचा भार उतरला, की त्याचे काम त्यानेही पुष्कळ सुधारते. आम्ही वैद्यकीचा धंदा करीत नाही, म्हणून कोणास गोळी सुचवीत नाही. दवाखान्याची पायरी चढा, एवढेच आमचे मागणे आहे.